ताटाची डावी बाजू

अमेरिकेत पदवी घ्यायची तर आधी सर्वांगीण व्हावं लागतं. तशी अटच आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बिलिंगचं काम बघते, आणि मला व्हायचंय आरएचआयटी, म्हणजे रुग्णांच्या नोंदी आणि आजारांचे कोड सांभाळणारी प्रमाणित तंत्रज्ञ. त्या परीक्षेला बसायचं तर त्याच विषयातली मान्यताप्राप्त असोसिएट डिग्री लागते. ही दोन वर्षांची पदवी, बारावीच्या पुढची आणि बी.ए.च्या अलीकडची. कम्युनिटी कॉलेजं ती देतात, आणि आता घरबसल्या ऑनलाइनही मिळते म्हटल्यावर मी नाव घातलं.

प्रवेश झाला आणि पोर्टलवर माझा तक्ता उघडला. एकूण क्रेडिट ६०. त्यांतली कोडिंग, वैद्यकीय परिभाषा, नोंदींचे कायदे यांची वजा केली तर उरलेली २० सामान्य शिक्षणाची. सगळे त्याला ‘जेन-एड’ म्हणतात. राज्याचा हिशेब ठरलेला आहे. ए.ए. पदवीला ४५, ए.एस.ला ३० आणि माझ्यासारख्या कामधंद्याच्या ए.ए.एस.ला २०. लेखन, भाषण, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, कला, जो तो आपापल्या चौकोनात. चौकोन भरला की हिरवा, रिकामा असेल तर लाल.

ताट वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे. मी आपली उजव्या बाजूसाठी पाटावर बसले होते. इथला दंडक असा की डावी बाजू चाटूनपुसून संपवल्याशिवाय पंगतीतून उठायचं नाही.

हे कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेलं नाही, एवढं मान्य करायला हवं. १९४५ साली हार्वर्डच्या एका समितीने यावर अख्खा अहवाल लिहिला. ‘रेडबुक’ या नावाने तो ओळखला जातो. महायुद्ध संपत आलं होतं, आणि लोकशाहीत राहणाऱ्या माणसाला आपल्या धंद्यापलीकडचं, चारचौघांशी जुळणारं काही शहाणपण असावं की नको, असा त्यांचा प्रश्न होता. दोन वर्षांनी अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने तीच री ओढली आणि वर जागोजागी कम्युनिटी कॉलेजं काढा म्हणून सांगितलं. (इलिनॉयमधल्या जोलिएटला असलं पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज १९०१ सालीच निघालं होतं.) विचार थोर आहे, त्यात खोट काढायची नाही. फक्त या थोर मंडळींच्या डोळ्यांसमोर मिसरूड फुटलेला अठरा वर्षांचा मुलगा होता. पन्नाशीला टेकलेली, दोन बाळंतपणं, एक गृहकर्ज आणि सासरचे गणपती पार पाडलेली बाई आणखी किती सर्वांगीण व्हायची, हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

पुण्यातला माझा भाचा बी.कॉम.ला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून तिकडेही शाखेबाहेरचे विषय घ्यायची टूम आली आहे. त्याने फोन करून विचारलं, “मावशी, तुझ्या अनुभवाने सांग, सोपा कुठला?” हार्वर्डच्या समितीला हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

तर, माझं बी.ए. कोल्हापूरचं, विषय मराठी. परदेशी गुणपत्रिकांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे सगळी कागदपत्रं धाडली. तीन वर्षं ज्ञानेश्वरीपासून भाषाविज्ञानापर्यंत जे काही पोटात गेलं होतं, ते ह्युमॅनिटीजच्या चौकोनात ओतलं गेलं. तो चौकोन तीन क्रेडिटचा! बाकीचं ओसंडून ‘इलेक्टिव्ह’ म्हणून तळाशी जमा झालं, आणि माझ्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हला जागाच नाही. मराठीची नोंद ‘परकीय भाषा’ अशी झाली. इंग्रजीचे पेपर मात्र मानले नाहीत, कारण ते इंग्रजी न बोलणाऱ्या देशातले. लेकीला हायस्कूलमधल्या एपी परीक्षेच्या गुणांवर तिच्या विद्यापीठाने इंग्रजी लेखन माफ केलं होतं. त्यामुळे आमच्या घरी आई निबंध लिहायची आणि मुलगी तो तपासायची.

“आई, थीसिस स्टेटमेंट कुठंय?”

“येईल ना पुढे.”

“पुढे नाही, पहिल्याच पॅराग्राफमध्ये. तू अजून नमस्कारच करतेयस.”

नमनाला घडाभर तेल ही आम्हां लोकांची रीत. इथे पहिल्या परिच्छेदातच निकाल सांगून टाकतात, मग वाचणाऱ्याने पुढे कशाच्या आशेवर वाचायचं देव जाणे. पण लेकीच्या लाल शेऱ्यांमुळे माझं गुणपत्रक सुधारलं, हे नाकारून चालणार नाही.

खरी परीक्षा भाषणाची. ‘पब्लिक स्पीकिंग’ हा विषय ऑनलाइन कसा करतात, असं मला आधी कुतूहल होतं. तर असा करतात: श्रोते तुम्ही जमवायचे. किमान पाच, सगळे सज्ञान. भाषणाआधी आणि नंतर कॅमेरा त्यांच्यावरून फिरवायचा, सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत, आणि मधे कुठेही कापाकापी चालणार नाही. मी आजवर मंडळाच्या संक्रांतीला, मंगळागौरीला, कुणाच्या डोहाळजेवणाला माणसं जमवली आहेत. पण ‘आरोग्यनोंदींची वर्गवारी’ या विषयावर सात मिनिटं ऐकायला या, असं आमंत्रण कुणाला द्यायचं? शेवटी रविवारी मिसळ ठेवली. मिसळीच्या नावावर पाचाचे अकरा झाले.

त्यांत मंडळाच्या नाटकांचं दिग्दर्शन करणारे एक काका होते. त्यांनी आल्या आल्या माझा कॅमेरा हलवला, दिवाणखान्यातला दिवा फिरवला आणि मला बजावलं, “पहिल्या वाक्यानंतर पॉज घे. लोकांना श्वास घेऊ दे.” लोक फरसाणाच्या वासाने आधीच दीर्घ श्वास घेत होते. माझी जाऊ पुढच्या सोफ्यावर, तिच्या शेजारी सासूबाई, मागे जेवणाच्या खुर्च्यांवर पुरुषमंडळी. नवरा कॅमेऱ्यामागे.

विषय मी मुद्दाम मजेदार घेतला होता. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत आजारांच्या नोंदीला आयसीडी-१० चे कोड वापरतात, आणि त्यांत काय नाही असं नाही. बदकाने मारलं तर डब्ल्यू ६१.६२. जेट विमानाच्या इंजिनात ओढले गेलात तर व्ही ९७.३३, आणि त्यापुढे ‘हा पेशंट पुन्हा तपासणीला आला आहे’ असं दाखवणारं वेगळं अक्षर, म्हणजे वाचलाच म्हणायचा. इथवर सगळे हसले. काकांनी हातानेच ‘पॉज, पॉज’ केलं. आणि मग मी, ठरवल्याप्रमाणे, म्हटलं की सासरच्या मंडळींशी पटत नसेल तर त्यालाही कोड आहे: झेड ६३.१.

सोफ्यावरून स्वच्छ मराठीत आवाज आला, “सुनेचा पण आहे का त्यात?”

मागची रांग फुटली. जावेचा चहा सांडला. नवऱ्याच्या हातातला फोन हलायला लागला, आणि कापाकापी चालणार नव्हती. मी पुढचं सगळं भाषण सासूबाईंच्या नजरेला नजर न देता, छताकडे बघत पूर्ण केलं. प्राध्यापिकाबाईंना मराठी येत नाही. त्यांचा शेरा आला: श्रोत्यांशी साधलेला संवाद उत्तम, मात्र नजर श्रोत्यांवर ठेवावी.

सगळे कोर्स असे रंगतदार नव्हते. समाजशास्त्र मी उभ्या उभ्या संपवलं. चर्चेच्या पानावर बुधवारपर्यंत एक मत मांडायचं आणि रविवारपर्यंत दोघांच्या मतांना उत्तर द्यायचं, असा तिथला रतीब. रविवारी रात्री अकरानंतर सगळा वर्ग एकमेकांना ‘फार छान मुद्दा मांडलास’ असं कळवत असतो.

अपवाद एकच, तोही इंग्रजी लेखनातला. एका चित्राचं वर्णन करायचं होतं. आमच्या वर्गात एक ट्रकड्रायव्हर होता. लांब पल्ल्याची गाडी चालवायचा, रात्री कुठल्याशा ट्रकतळावर थांबून अभ्यास करायचा. आधीच्या चर्चांमध्ये त्याची उत्तरं एका ओळीची. या वेळी त्याने एडवर्ड हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ घेतलं. १९४२ सालचं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असलेलं, रात्री उघड्या असलेल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलचं चित्र. आम्ही सगळे त्यातल्या एकटेपणावर लिहीत होतो, कारण पुस्तकात तसं सूचित केलं होतं. त्याने लिहिलं, की या हॉटेलला रस्त्याच्या बाजूने दारच दिसत नाही. काचेतून सगळं दिसतं, पण आत जायचं कुठून? असल्या ठिकाणी रात्रीबेरात्री थांबताना मी पहिल्यांदा दार शोधतो, म्हणून मला ते दिसलं. मी चित्र पुन्हा उघडून पाहिलं. खरंच नव्हतं. त्याच्या पोस्टला सतरा उत्तरं आली, आणि एकातही ‘फार छान मुद्दा’ नव्हता. जेन-एडबद्दल माझं मत जे काही सुधारलं ते तिथे. तक्त्यात त्याची नोंद मात्र इतकीच व्हायची की चौकोन हिरवा झाला.

स्टॅटिस्टिक्सच्या परीक्षेला कॅमेऱ्याने खोली दाखवावी लागते. चारी भिंती, टेबलाखाली, मग स्वतःचे कान. कुकरची शिट्टी झाली तर संशयास्पद आवाज म्हणून खूण होते, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी घरी भात पातेल्यात. २०२२ मध्ये ओहायोतल्या एका फेडरल न्यायाधीशांनी क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात असा निकाल दिला, की परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या खोलीची अशी पाहणी करणं ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीविरुद्धची झडती आहे. आमच्या कॉलेजापर्यंत तो निकाल अजून पोचलेला नाही. तोवर मी अन्नपूर्णेच्या मूर्तीसकट सगळं देवघर त्यांना दाखवते.

राहता राहिलं विज्ञान. शरीररचनाशास्त्र, प्रयोगांसह. प्रयोगशाळा खोक्यातून घरी येते: हातमोजे, गॉगल, चाकू, चिमटा, एक ट्रे आणि बंद पिशवीत, टिकवून ठेवलेलं मेंढीचं हृदय. आमचं घर कांदा-लसूण चालणारं, पण अंड्याला वेगळं भांडं. खोकं मी गॅरेजमध्ये ठेवलं आणि सासूबाई दुपारी झोपल्यावर तिथेच जुन्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले. प्रत्येक फोटोत हृदयाशेजारी माझं ओळखपत्र दिसलं पाहिजे, अशी अट. डावा कप्पा ओळखायचा कसा, तर त्याची भिंत जाड. बोटाने दाबून बघायची. दाबत होते, तेवढ्यात दार उघडलं.

मला वाटलं आता घर धुवून काढावं लागणार. सासूबाई चष्मा पुसून जवळ आल्या.

“कुणाचं?”

“मेंढीचं, आई. कॉलेजचं आहे.”

त्यांच्या हृदयात स्टेंट आहे. त्या वेळी डॉक्टरांनी कागदावर काहीतरी काढून दाखवलं होतं, ते त्यांना पटलं नव्हतं. “ती नस कुठली ते दाखव बघू,” म्हणाल्या. वरची चरबी सोडवून मी डाव्या बाजूची धमनी शोधत होते, ती मला सापडेना, त्यांना सापडली. मग पुढचा तासभर, ही कशी तुंबते, फुगा कुठून घालतात, मांडीतून घातलेली नळी इथवर येते तरी कशी, असे प्रश्न. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मी पुस्तक उघडून दिली.

अहवाल तपासून आला. गुण चांगले होते. खाली प्रश्न होता: चौथ्या फोटोत सोन्याच्या पाटल्या घातलेला एक हात धमनीकडे बोट दाखवतो आहे, तो कुणाचा? मी खरं ते कळवलं. गुण कापले नाहीत. पण पुढच्या आठवड्याच्या सूचनांत सगळ्या वर्गासाठी नवी ओळ आली, की फोटोत फक्त विद्यार्थ्याचेच हात असावेत.

सासूबाईंना ती वाचून दाखवली.

“बरं,” त्या म्हणाल्या, “किडनी कधी येणार आहे? मी पाटल्या काढून बसेन.”