कोटिंगकाका

सेलवासच्या सायली रोडला लागून ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांतल्या कुठल्याही जिन्यात संध्याकाळी उभे राहा. कुठेतरी कांदा परतल्याचा वास सुटलेला असतो, खालून कंपनीची बस गेलेली असते, आणि एखाद्या स्वयंपाकघरातून पुरुषी आवाज येतो, "गॅस बारीक! अगं बारीक कर! कोटिंग जाईल!"

हे कोटिंगकाका. दर सोसायटीत एक असतातच. मोठी सोसायटी असेल तर विंगला एक.

काका मूळचे इथले नव्हेत. करसवलतींच्या मागोमाग दादरा-नगर हवेलीत कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागोमाग जळगाव, धुळे, नाशिक, रत्नागिरीहून डिप्लोमा झालेली पोरं आली. त्यांतलेच हे एक. सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. पाइप, दोरा, डबे, रंग, जे समोर येईल ते मापलं, ओढलं, वाकवलं आणि त्यावर ‘रिजेक्ट’चा शिक्का मारला. निवृत्तीनंतर शिक्का कंपनीत राहिला, हाताची खाज मात्र घरी आली. घरात रिजेक्ट करण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि भाजीतल्या मिठाबद्दल मत द्यायचं नाही हे काकूंनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट केलं होतं. अशा रिकाम्या माणसाला भर दुपारी टीव्हीवर तवा दिसला.

ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. आवाज हिंदी, ओठ इंग्रजी. एक गोरी बाई जुन्या तव्यावर अंडं फोडते, ते करपतं, ती कपाळाला हात लावते आणि तेवढ्यापुरतं सगळं चित्र काळं-पांढरं होतं. मग नवा तवा येतो आणि जगात रंग भरतात. अंडं घसरतं. वितळलेलं चीज घसरतं. मुद्दाम करपवलेला साखरेचा पाकसुद्धा अखंड पापुद्रा होऊन निघतो. एक माणूस तव्यावर हातोडी घालतो, दुसरा त्यावरून मोटार नेतो. "तव्यावरून मोटार कशाला न्यायची?" असं काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "टेस्टिंग." एकावर एक फुकट, वर काचेचं झाकण, आणि दहा मिनिटांत फोन केलात तर लाकडी उलथनं. काकांनी वाट पाहिली नाही.

काकूंनी तवा मागितला नव्हता, हे इथेच लिहून ठेवतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नॉनस्टिकचा इतिहास काकांना तोंडपाठ आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरचा चहा मिळत नाही. 1938 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होता. एक सिलिंडर उघडला तर वायू येईना. वजन केलं तर भरलेल्याइतकं. शेवटी सिलिंडर कापला. आत पांढरी, मेणचट भुकटी. तेच टेफ्लॉन. इथे काका थांबतात. "आपल्याकडे काय केलं असतं? सिलिंडर परत पाठवून क्रेडिट नोट मागितली असती." पुढे फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार हा इंजिनिअर आपल्या मासेमारीच्या सामानाला ते लावायला लागला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, त्यापेक्षा माझ्या भांड्यांना लाव. त्यातून 1956 साली टेफाल कंपनी निघाली. मग काका छाती पुढे काढून मराठी माणसावर येतात: भारतात ही भांडी आणली ती औरंगाबादच्या भोगल्यांनी, 1968 साली, ‘निर्लेप’ नावानं. 2018 मध्ये ती कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सनं घेतली, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज घरातलं सोनं गहाण पडल्यासारखा होतो.

या इतिहासात मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. बाईनं मागितलं आणि नवऱ्यानं करून दिलं, असं त्या फ्रान्सच्या घरात झालं. सायलीत उलटा क्रम आहे. नवरा मागवतो आणि बाईला वापरावं लागतं.

तवा आला त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे पटेल म्हणून गेले, की बाकी ठीक आहे, पण या कोटिंगला काही चिकटत नाही तर ते स्वतः तव्याला कसं चिकटलं? काकांच्या आयुष्यात इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी पटेलांना बसवून घेतलं. ॲल्युमिनियमचा पत्रा आधी खरबरीत करायचा, त्यावर प्रायमर, त्यावर फवाऱ्यानं थर, मग चारशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचं. ते थर त्या खरबरीतपणात रुतून बसतात. आणि सगळं मिळून जाडी किती? केसापेक्षा कमी. पटेलांनी मान डोलावली आणि उठता उठता विचारलं, "म्हणजे पैसे केसाचे?" पटेल धंद्यातले आहेत.

तो प्रश्न काकांच्या मनाला लागला असावा, कारण रात्री त्यांनी तव्याची क्रॉस-हॅच टेस्ट घेतली. रंगाच्या कारखान्यात ही रोजची गोष्ट. ब्लेडनं उभ्या-आडव्या अकरा-अकरा रेघा मारायच्या, एकेका मिलिमीटरवर. शंभर चौकोन पडतात. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. किती चौकोन पट्टीबरोबर उपटून आले ते भिंगातून मोजायचं. काकांनी ट्यूबलाइटखाली, स्टीलची पट्टी धरून, जीभ दातांत पकडून रेघा मारल्या. एकही चौकोन निघाला नाही. "पास!" सकाळी काकूंनी त्यावर धिरडं घातलं. ते त्या शंभर चौकोनांत असं काही रुतलं की काढताना त्याचा नकाशा झाला. एकावर एक फुकट होता म्हणून घर वाचलं.

दुसऱ्या तव्याच्या वेळी काकांनी नियमावली केली. कालथा लाकडी किंवा सिलिकॉनचा. तवा रिकामा तापवायचा नाही. गरम तव्यावर गार पाणी नाही. फडताळात त्यावर दुसरं भांडं ठेवायचं नाही. तारेची घासणी घरात दिसता कामा नये. आणि गॅस बारीक. यातला एकही नियम चुकीचा नाही. टेफ्लॉन 260 अंशांच्या आसपास खराब व्हायला लागतं, 350 च्या वर चांगलंच विघटन होतं, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथे पोचायला काही मिनिटं पुरतात. त्या धुरानं माणसाला तापासारखं होतं आणि पिंजऱ्यातले पक्षी मरतात. हे कळल्यापासून काका शेजारच्या लव्हबर्ड्सच्या तब्येतीची रोज सकाळी चौकशी करतात. शेजारणीला वाटतं काका किती प्रेमळ.

2024 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नॉनस्टिक 170 अंशांच्या वर तापवू नका, थर झिजला की टाकून द्या, असं म्हटलं आहे. काकांना आकडा मिळाला. आकडा मिळाल्यावर क्यूसीचा माणूस गप्प बसत नाही. त्यांनी ऑनलाइन टेम्परेचर गन मागवली, आणि काकू फोडणी करत असताना काका मागून तव्यावर लाल ठिपका धरून उभे राहू लागले. "एकशे चाळीस... एकशे साठ... अगं बंद कर!" 170 ला गॅस बंद व्हायचा आणि मोहरी तडतडायची राहून जायची. आठवडाभर त्या घरात वरणाच्या तळाशी कच्ची मोहरी सापडत होती. शेवटी काकूंनी गन स्वतःच्या हातात घेतली, ती काकांच्या कपाळावर धरली आणि म्हणाल्या, "आता तुमचं बघू या किती झालंय ते."

"तेलाच्या एका थेंबात स्वयंपाक" हे जाहिरातीतलं वचन त्या दिवशी बुडालं. जाहिरात लिहिणाऱ्याला फोडणी ठाऊक नव्हती. अंडं बिनतेलाचं उलथता येतं, मान्य. पण जिरं, हिंग, कढीपत्ता हे तेलाशिवाय नुसते गरम होतात. तेल तिथे चिकटू नये म्हणून घालत नाहीत. त्यातच वास उतरतो. भाकरीचं तर विचारूच नका. तांदळाची असो की नागलीची, तिला सणसणीत तापलेला तवा लागतो, मग पाण्याचा हात, मग पापुद्रा. सायलीच्या आसपासच्या पाड्यांवर अजून मातीच्या तव्यावर भाकरी होते, आणि तिचा पदर सुटतो तो बघण्यासारखा. नॉनस्टिकवर बारीक गॅसनं केलेली भाकरी ही मऊ पुठ्ठ्याची घडी. डोशाची तऱ्हा आणखी वेगळी. तवा इतका गुळगुळीत की पीठ धरत नाही; पळी फिरवली की सगळं पीठ पळीबरोबर गोल गोल फिरतं आणि मधे गोळा होऊन बसतं. तवा कोमट असताना पसरवावं लागतं. काकूंना ते जमलं, काकांना जमलं नाही, आणि त्याचं खापर पिठावर फुटलं.

पण घावन! तांदळाचं पातळ पीठ, कडेनं जाळी पडलेली, आणि उलथनं न लावता नुसतं तवा तिरका केला की ताटात. त्याबाबतीत जाहिरात खरी आहे. काकूसुद्धा हे मान्य करतात, फक्त काका ऐकत नसताना.

भांडी घासायला पाड्यावरून एक मावशी येतात. त्यांची आणि काकांची लढाई हा सोसायटीतला करमणुकीचा विषय. मावशींनी जन्मभर राखेनं आणि तारेच्या घासणीनं भांडी चकचकीत केली. तवा काळा आहे म्हणजे तो घासायचा राहिलाय, असा त्यांचा साधा हिशोब. काका स्पंज घेऊन मोरीशी उभे. "हळू... गोल गोल... दाबू नका." मावशींनी थोडा वेळ सोसलं आणि विचारलं, "काका, भांडं घासू का निजवू?"

तरीही तवा गेलाच. सगळे नियम पाळूनही गेला, ही काकांची खरी जखम. मधोमध, जिथे ज्योत लागते तिथे, थर आधी पांढुरका झाला, मग खरबरीत. अंडं कडेनं अजून घसरायचं आणि मधे खिळ्यानं ठोकल्यासारखं बसायचं. काकांनी वॉरंटीसाठी फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, धातूचा चमचा लावला होता का? नाही. मोठा गॅस? नाही. घासणी? नाही. मग ती म्हणाली, सर, ही नॉर्मल झीज आहे, ती वॉरंटीत येत नाही. काकांना ते वाक्य फार ओळखीचं वाटलं. कस्टमर कंप्लेंटच्या उत्तरात ते स्वतः तेच लिहीत असत.

थराचे कण पोटात गेले तर काय, ही काळजी त्यांनी सायलीत आलेल्या मेडिकल कॉलेजच्या पोरांना वाटेत अडवून विचारली. पोरं बीपी मोजायला आली होती. खरं म्हणजे गिळलेला कण शरीर शोषून घेत नाही, तो जसा जातो तसा बाहेर पडतो. बदनाम झालं ते पीएफओए, टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं वेगळं रसायन. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते 2015 पर्यंत सोडलं, आणि 2019 साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचं नाव गेलं. त्यामुळे डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘पीएफओए-मुक्त’ छापतात, आणि ते खरं असतं, पण त्यानं तवा जास्त टिकत नाही.

हे कळूनही काकांनी पुढचा तवा घेतला. ठिपक्यांचा, ‘ग्रॅनाइट’. त्यात ग्रॅनाइट शोधायला गेलात तर बहुधा टेफ्लॉनवरचे ठिपकेच सापडतील. मग सिरॅमिक; त्यात टेफ्लॉन नसतं, आच जास्त सोसतं, पण गुळगुळीतपणा आणखी लवकर जातो. काकूंनी यातल्या कशालाच विरोध केला नाही. त्यांचा बिडाचा तवा गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर होताच, आणि काका आपल्या शेगडीवर पहारा देत असताना जेवण तिकडे तयार होत होतं.

माझं विचाराल तर तवा खोटं बोलत नाही. अंडं घसरेल म्हणाला, घसरलं. किती दिवस, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. घरात एक माणूस त्याच्या तैनातीला ठेवलात तर तो वर्ष-दोन वर्षं शब्द पाळतो. फक्त जाहिरातीत त्या माणसाचा पगार दाखवत नाहीत. काका फुकट होते म्हणून स्वस्त पडलं.

दिवाळीच्या सफाईत काकूंनी सगळे तवे भंगारात काढले. भंगारवाला खाली आला तेव्हा काका स्वतः उतरले. पिशवीत प्रत्येक दोन तव्यांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घातलेला होता, एकमेकांना चरे पडू नयेत म्हणून. भंगारवाल्यानं कागद भिरकावून दिले, लाथेनं हँडल तोडली, आणि ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या भावापेक्षा कमी भाव सांगितला. काका भडकले. "साधं ॲल्युमिनियम नाही हे! तीन थरांचं कोटिंग आहे!"

"वही तो, काका," भंगारवाला काटा सरळ करत म्हणाला, "कोटिंग है, इसीलिए कम."