सम्राटाची शेजारीण

क्रोएशियाच्या स्प्लिट बंदरात बेटांवरून आलेली बोट लागते आणि पर्यटक पाठीवरची सॅक सावरत उतरतो न उतरतो, तोच त्याच्यापुढे एक पुठ्ठा येतो. त्यावर चार भाषांत एकच मजकूर: सोबे, झिमर, कामेरे, रूम्स. पुठ्ठ्यामागे साठीपुढची, केस तांबूस रंगवलेली, ठसठशीत बाई. तिला सगळे तेता म्हणतात, आपल्याकडची मावशीच. खोली कुठे, असं विचारलं की ती सांगते, ‘राजवाड्यात. पाच मिनिटं.’

पर्यटकाला ही थाप वाटते. पण राजवाडा खरा असतो. पाच मिनिटंही बऱ्यापैकी खरी, फक्त ती जिन्याच्या पायथ्यापर्यंतची. खोली चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टची सोय सम्राट डायोक्लेशियनने केलेली नाही.

या रोमन सम्राटाने इ. स. 305 मध्ये आपणहून गादी सोडली आणि ब्राच बेटावरच्या पांढऱ्या दगडात बांधलेल्या या वाड्यात तो राहायला आला. पुन्हा राज्य करा म्हणून गळ घालणाऱ्यांना त्याने स्वतः लावलेल्या कोबीचं कौतुक ऐकवलं, अशी कथा आहे. सातव्या शतकात जवळचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं, तिथली माणसं आसऱ्याला वाड्यात शिरली आणि राहती झाली. वाड्यातली वस्ती तेव्हापासून उठलेली नाही. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या सम्राटाच्या समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं, आणि ते ओळखलं जातं त्याच्याच कारकिर्दीत मारल्या गेलेल्या बिशप डोम्नियसच्या नावाने. तळघराचा उपयोग याहून सोपा: घरातल्या जमिनीला भोक पाडायचं आणि केरकचरा खाली सोडायचा. शतकानुशतकं हे चाललं. विसाव्या शतकात त्यातला बराचसा कचरा उपसला, तर खाली सम्राटाच्या दालनांची रचना शाबूत! वरच्या नाहीशा झालेल्या खोल्या कशा होत्या, हे आज त्यावरूनच कळतं. 1979 साली युनेस्कोने वाड्याला जागतिक वारसा ठरवलं. तेताच्या मते हा वारसा तिच्या पूर्वजांच्या कचऱ्याने टिकवला, आणि तिचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

तिला सम्राटाचं काही अप्रूप नाही. चौकातल्या, इजिप्तहून आणलेल्या काळ्या स्फिंक्सपाशी लोक फोटो काढतात, तर ती त्यांना ओलांडून मासळीबाजार गाठते.

ती घाबरते फक्त वाऱ्याच्या झोताला. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मान धरते, दात दुखतात, सर्दी होते. डाल्मेशियात, म्हणजे या किनारपट्टीवर, याबद्दल दुमत नाही. पाहुणा जुलैच्या उकाड्यात खिडकी उघडतो, तेता बंद करते. ओल्या केसांनी फिरणाऱ्याला ती आधी रागावते, मग औषधी वनस्पती घातलेल्या त्राव्हारित्सा दारूचा पेला पुढे करते. सकाळी नऊ वाजता. नको म्हणणारा तिच्या लेखी आजारी. मांस-मासे नको म्हणणारा तर फारच आजारी. त्याच्यासाठी ती काळजीने ब्लित्वा शिजवते, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेलातली बटाटा घातलेली पालेभाजी. एखाद्या शाकाहारी पुणेकराची सहल त्यावर निभावून जाते.

उन्हाळाभर ती चांगल्या खोल्या पाहुण्यांना देते आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपते. हिवाळ्यात त्या खोल्यांत विद्यार्थी भाड्याने राहतो. जून आला की त्याने गाशा गुंडाळायचा. क्रोएशियाने 1 जानेवारी 2023 रोजी युरो स्वीकारला तेव्हा देशात कुना या जुन्या चलनाचं युरोत रूपांतर करण्याची धांदल होती. तेता शांत. परदेशी पाहुण्यांशी तिचे भाव आधी जर्मन मार्कांत, मग युरोत ठरत आले होते.

अलीकडे भाच्याने खोली ॲपवर टाकली आहे. पाहुणे दहापैकी 9.4 गुण देतात. एकाने ‘घरमालकीण न विचारता आत येते’ असं लिहिलं होतं. भाच्याने वाचून दाखवल्यावर तेताला त्यात तक्रार कुठे आहे ते कळलं नाही. उरलेले सहा दशांश कोणी ठेवून घेतले, हे मात्र तिला जाणून घ्यायचं आहे. त्याची चौकशी ती प्रत्येक नव्या पाहुण्याकडे करते, नोंदणीसाठी घेतलेला त्याचा पासपोर्ट हातात ठेवून.