नाव कुठून काढायचं?

२०१८पासून दर १८ नोव्हेंबरला राष्ट्रीय निसर्गोपचार दिन साजरा होतो. १९४५ साली याच तारखेला गांधीजी निसर्गोपचाराच्या ट्रस्टचे अध्यक्ष झाले. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या ज्या दवाखान्यात ते मुक्कामाला असत, तिथे १९८६पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. म्हणजे मंत्रालय आहे, संस्था आहे, दिन आहे, फोटोला हार आहे. नाही ती फक्त एक वही. या देशात निसर्गोपचाराचा डॉक्टर कोण आणि कोण नाही, हे जिच्यात लिहिलेलं असावं ती.

२०२० साली संसदेने भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आयुर्वेद आला, युनानी आली, सिद्ध आली, थेट लडाखकडची सोवा-रिग्पा आली. होमिओपॅथीला त्याच वर्षी वेगळा आयोग मिळाला. योग आणि निसर्गोपचार मात्र ओसरीवरच बसून राहिले. यांच्यासाठीही मंडळ असावं, असं संसदेच्या स्थायी समितीने सुचवलं होतं. सुचवण्यावर आपल्याकडे बंदी नाही.

आता शिकणाऱ्यांचं पाहा. बीएनवायएस या पदवीला साडेचार वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे सगळं पाठ करायचं, मग जलोपचार, मातीचे लेप, उपवास, आहार आणि योग. कर्नाटकात उजिरेला १९८९पासून हे शिकवतात. तिथे नोंदणीचा कायदाच १९६१चा आहे. तमिळनाडूतही नोंदणी होते. पण केंद्राची वही नसल्यामुळे ज्याचा त्याचा कारभार. तुम्ही डॉक्टर आहात की नाही, हे पदवीवर ठरत नाही, एसटी कुठल्या राज्यात थांबली त्यावर ठरतं.

यांच्याच शेजारी दुसरी पाटी लागते. टपालाने आलेली पदविका, नाहीतर शनिवार-रविवारचं शिबिर आणि सोमवारी उद्घाटन. पाटीवरचं ‘डॉ.’ दोघांचंही सारखंच ठळक. साडेपाच वर्षं घालवलेल्याची फी जास्त म्हणून रुग्ण दुसरीकडे वळला, तर त्याला बोल कसा लावणार?

भक्त म्हणतात, माती-पाण्याला लायसन कशाला? बरोबर आहे. मातीला नकोच. पण मधुमेहाच्या रुग्णाला ‘इन्सुलिन बंद करा, कारल्याचा रस घ्या’ असं सांगणाऱ्या तोंडाला हवं.

संशयी म्हणतात, नोंदणी दिली की सरकारने उपचारावरच शिक्का मारला असं लोक समजतील. हा मुद्दा वजनदार आहे. कुठला लेप कशावर चालतो हे चाचण्यांनी ठरेल, गॅझेटने नाही. पण वही नाही म्हणून लोक जायचे थांबले आहेत का? रिक्षावाल्याला बॅज देताना आरटीओ त्याच्या चांगुलपणाची हमी देत नाही. मीटरवरून भांडण झालं तर नंबर कुणाचा लिहून घ्यायचा, एवढीच सोय करते. अंगाला माती लावणाऱ्याकडून निदान तेवढी अपेक्षा जास्तीची नाही.

शिक्षणाचा खरा उपयोगही इथेच आहे. साडेपाच वर्षांत शिकायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे समोरचा कुठला रुग्ण आपला नाही. पोटावर मातीची पट्टी कधी ठेवायची हे शिबिरात कळतं. ते पोट घेऊन ताबडतोब सर्जनकडे कधी पळायचं, हे कळायला विकृतिशास्त्र लागतं. १९२४च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला. तेव्हा ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली. मातीवर एवढी श्रद्धा असलेला माणूसही त्या दिवशी चाकूला नाही म्हणाला नाही.

‘गांधीजींकडे तरी कुठे पदवी होती?’ हा भक्तांचा शेवटचा बाण. होती की! बॅरिस्टरची. आणि सनद म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? १९२२ साली राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर लंडनच्या इनर टेम्पलने त्यांचं नाव पटावरून खोडलं. १९८८ साली, ते जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर, परत लिहिलं. खोडणं चूकच होतं. पण खोडायला नाव होतं, चूक दुरुस्त करायला पान होतं. सनदेची किंमत ती मिळण्यात थोडी आणि ती जाऊ शकण्यात जास्त असते. जी कुणी काढून घेऊ शकत नाही, ती सनद नव्हे, भिंतीवरची फ्रेम.

केंद्र ती वही उघडेल तेव्हा उघडेल. तोवर टबात उतरण्याआधी तीन प्रश्न विचारा: कुठे शिकलात, किती वर्षं शिकलात, नाव कुठे नोंदलंय? उत्तरादाखल ‘निसर्गावर विश्वास ठेवा’ असं ऐकू आलं, तर जरूर ठेवा. निसर्गावर. यांच्यावर नको.