लेथ मोकळं आहे का?

प्रति,
तारापूर औद्योगिक वसाहतीतील समस्त मान्यवर कारखानदार,
मुक्काम बोईसर, जिल्हा पालघर.



आधी आपलं अभिनंदन. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली चार मुलं स्पायरल बायंडिंग केलेलं प्रपोजल घेऊन गेटवर उभी राहिली, की त्यांच्याकडून रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कोणाकडे काम हे सगळं रीतसर भरून घेतलं जातं आणि मग आतून निरोप येतो, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, मेल करून ठेवा.’ यात कोणाचा अपमान होत नाही आणि पैसाही सुटत नाही. त्यातून त्या मुलांची रेसिंग कार सरावात आपटलेली असेल, तर आपला नकार दुप्पट शहाणपणाचा ठरतो. आपटलेल्या गाडीवर कंपनीचं नाव कोण लावील? गणपतीच्या कमानीवर नाव चालतं, गरब्याच्या स्टेजवर चालतं, दहीहंडीच्या टी-शर्टावर तर फारच शोभतं. आता दहीहंडीतही माणसं कोसळतात हे खरं. पण तिथे सात थरांची सलामी देऊन हंडी न फोडता परतणाऱ्या पथकालाही काहीतरी बक्षीस देण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणजे अपयशाला पैसे द्यायची सवय आपल्याला नाही, असं कोणी म्हणू नये. ते अपयश ढोलताशात झालं पाहिजे, एवढंच.

ही पोरं नेमकं काय बनवतात, हे मेल उघडली न गेल्यामुळे आपल्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून सांगतो. एका माणसाची, उघड्या चाकांची छोटी फॉर्म्युला कार. अमेरिकेत 1981 साली या स्पर्धा सुरू झाल्या, 1998 मध्ये ब्रिटनमध्ये ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या नावाने रुजल्या. आपल्याकडे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरते, शिवाय ‘सुप्रा’ आहेच. पेट्रोल गाडीला 710 सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, मात्र त्याने सगळा श्वास 20 मिलिमीटरच्या एका भोकातून घ्यायचा. आपल्याकडचे पुष्कळ संघ चाकणला बनणारं केटीएम 390 चं इंजिन वापरतात. एकूण गुण 1000. त्यांतला सर्वांत मोठा वाटा 22 किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला, पण डिझाइन, खर्चाचा हिशेब आणि व्यवसायाचा आराखडा यांनाही घसघशीत गुण. थोडक्यात, आपण मुलाखतीत ‘प्रॅक्टिकल नॉलेज नाही’ म्हणून ज्यांना परत पाठवता, त्यांना प्रॅक्टिकल नॉलेज देण्याचा हा खटाटोप आहे. आणि गंमत अशी, की आपटण्याची तरतूद नियमातच आहे. गाडीच्या नाकात एक ठोकळा बसवावा लागतो. 300 किलोची गाडी सेकंदाला 7 मीटर वेगाने धडकली, तर त्याने स्वतः चेपून जायचं आणि सरासरी धक्का 20 जीच्या वर जाऊ द्यायचा नाही. तयार प्रमाणित ठोकळा न घेता स्वतः बनवला, तर हे चाचणीने सिद्ध करावं लागतं. अशा वेळी गरीब संघालासुद्धा एक ठोकळा मोडण्यासाठी आणि एक बसवण्यासाठी बनवावा लागतो. मोडणं हा या अभ्यासक्रमातला धडाच आहे. धडा शिकून झाल्यावर पुन्हा जोडायचं कशाने, एवढाच प्रश्न उरतो.

माझं म्हणणं त्या प्रश्नापुरतंच आहे. छोट्या संघाला अपघात मारत नाही, दुसरा सेट नसणं मारतं. स्पर्धेत या गाड्या शंकूंमधून, एकमेकींना न भिडता धावतात; शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड, विषय संपला. खरी आपटाआपटी होते ती सरावात, कॉलेजच्या पार्किंगमध्ये नाहीतर उसन्या घेतलेल्या मोकळ्या जागेत, जिथे टायरची भिंत नसते आणि कर्ब मात्र सिमेंटचा असतो. त्यात वाकतात चाक गाडीला जोडणारे विशबोन, तुटतात त्यांच्या टोकांचे रॉड एंड, तडकतो चाक धरणारा अपराइट. यातलं काहीही चंद्रावरून आणायचं नसतं. पाइप कापणं, टिग वेल्डिंग, थोडं टर्निंग, थोडं मिलिंग, जिगवर बसवून मापं तपासणं. श्रीमंत संघ दुसरा सेट काढतो आणि संध्याकाळी पुन्हा गाडी फिरवतो. ज्याच्याकडे एकच सेट, त्याचे तीन आठवडे जॉब शॉपच्या रांगेत जातात, कारण तिथे त्याचे चार नग सर्वांत शेवटी लागतात. जानेवारीतल्या स्पर्धेआधी तीन आठवडे म्हणजे गाडी न फिरवता तेराशे किलोमीटरवर कोइम्बतूरला नेणं. तिथे ती एन्ड्युरन्सच्या सहाव्या फेरीत बंद पडली, की आपण म्हणायला मोकळे, पोरांत दम नाही.

हे गरिबांचं रडगाणं वाटत असेल, तर जिथे पैशाला तोटा नाही असं आपण समजतो त्या फॉर्म्युला वनमधलं पाहू. 22 मार्च 2024, मेलबर्न. विल्यम्स संघाच्या अलेक्झांडर अल्बनने पहिल्याच सरावात गाडी भिंतीवर घातली आणि चेसिस कामातून गेली. नऊ वेळा विजेतेपद मिळवलेल्या या संघाकडे तिसरी चेसिसच नव्हती. मग काय केलं? लोगन सार्जंट या दुसऱ्या ड्रायव्हरची धडधाकट गाडी काढून अल्बनला दिली. ज्याने काही मोडलं नाही तो प्रेक्षक झाला, आणि अल्बनही अकरावा आला. गुण दहाव्यापर्यंतच मिळतात. त्याआधी 2022 मध्ये जेद्दाला पात्रता फेरीत मिक शूमाकरची गाडी फुटली, तेव्हा हास संघाने त्याला शर्यतीत उतरवलंच नाही. पुढच्या शर्यतीला सुटे भाग पुरवायचे होते. दोन्ही ठिकाणी ड्रायव्हर सुखरूप होते. अडलं ते स्टोअरमध्ये.

मारुशिया या फॉर्म्युला वन संघाची गोष्ट याहून जड आहे आणि तिच्यात थट्टेला जागा नाही. 2014 च्या मे महिन्यात मोनॅकोला ज्यूल्स बियांकी या ड्रायव्हरने नववा येऊन या संघाला पहिले दोन गुण मिळवून दिले. 5 ऑक्टोबरला सुझुकाच्या पावसात त्याची गाडी ट्रॅकच्या कडेला आलेल्या क्रेनवर आदळली; पुढच्या जुलैत तो गेला. अपघातानंतरच्या रविवारी सोचीला संघाने एकच गाडी पळवली, त्याची गाडी तयार करून गॅरेजमध्ये उभी ठेवली. महिनाअखेर संघ प्रशासकांच्या हातात गेला. पुढे तो मॅनर या नावाने उभा राहिला, तो बियांकीच्या त्या दोन गुणांनी मिळालेल्या नवव्या क्रमांकाच्या जोरावर, कारण बक्षिसाची रक्कम क्रमांकाला बांधलेली होती. आणि 2016 च्या नोव्हेंबरात ब्राझीलला प्रतिस्पर्धी सॉबरचा फेलिपे नासर नववा आला, मॅनर दहावरून अकरावर घसरला, आणि जानेवारी 2017 मध्ये संघाला कायमचं टाळं लागलं. दोन गुणांनी तारलेला संघ दोन गुणांनीच गेला. छोट्याला घसरायला पायरी नसते. तो थेट जिन्याखाली जातो. हे आपल्याला परकं वाटू नये. मोठ्या कंपनीने एक बिल 90 दिवस अडवलं, की वसाहतीतल्या कुठल्या शेडचं शटर खाली येतं, ते आपण रोज पाहता.

आता आपले आक्षेप. पहिला कायद्याचा, आणि तो खरोखर सुंदर आहे. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 म्हणतं, मोठ्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्चावेत आणि त्यातही आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. पण नियमच असंही म्हणतात, की मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व यात धरायचं नाही. म्हणजे गाडीच्या नाकावर आपलं नाव झळकलं की ते समाजकार्य राहत नाही. आणि संशोधनाच्या रकान्यात बघाल, तर तिथे आयआयटी आणि सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं आधी दिसतात. आयआयटी मुंबईची विजेवरची गाडी सिल्व्हरस्टोनला गेली, सोमय्या कॉलेजचा ओरायन, संघवी कॉलेजचा डीजेएस हे संघ नावारूपाला आले. त्यांचं कौतुकच आहे. पण विरारच्या पुढे लोकल डहाणूपर्यंत जाते, पैसा मात्र विरारला उतरतो. तेव्हा हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी पैसे मागत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार: ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचं कुपोषण आहे, उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातो, तिथे रेसिंगची चैन कशाला? बरोबर. तो पैसा तिकडेच जावा, एक रुपयाही इकडे वळू नये. पण तिसऱ्या शिफ्टला कापड घालून झाकलेलं लेथ मोखाड्याच्या कोणत्या मुलाला जेवू घालतं, हे मला अजून उमगलेलं नाही. रेसिंग हे श्रीमंतांच्या पोरांचं वेड, हाही आक्षेप अर्धा खरा आहे: शर्यतीत गाडी चालवणं श्रीमंतांचं, पण ही गाडी बनवावी लागते, आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी टी-शर्टाला पडलेली भोकं वडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. बाहेरची पोरं शॉप फ्लोअरवर आली आणि बोट गेलं तर? ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोळवड्याच्या बाजूला कारखान्यात झालेला स्फोट किती लांब ऐकू गेला, हे इथल्या गावांना ठाऊक आहे. पण पोरांना आत घ्यायची गरजच नाही. ड्रॉइंग गेटवर द्यायचं, मटेरियल सोबत द्यायचं, काम आपल्याच ऑपरेटरने करायचं, नग गेटवर घ्यायचा. आणि एक गोष्ट सांगायची राहते. स्पर्धेत परीक्षक तुटलेला भाग हातात घेऊन विचारतात, हा इथेच का तुटला, भार किती धरला होता, वेल्ड कोणी तपासलं. उत्तर देता आलं नाही तर गुण जातात. तुटलेली वस्तू लपवायची नसते, टेबलावर ठेवायची असते, ही सवय लागलेला इंजिनिअर उद्या रिअॅक्टरच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहणार असेल, तर तो आपल्याला महाग पडणार नाही.

चौथा आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही: यातून मिळणार काय? काही नाही. फोटो नाही, कमान नाही, आमदारांच्या हस्ते नारळ नाही.

तेव्हा मागणी लहान आहे. चेक नको. ऑक्टोबर ते डिसेंबर आठवड्यातून एक शिफ्ट, एक लेथ, एक मिलिंग, अनुभवी टिग वेल्डर दोन तास, आणि कटिंगनंतर उरलेले पाइपचे तुकडे, जे एरवी भंगारवाला किलोच्या भावाने नेतो. तेही अपघातानंतर, गाडी चमकत असताना नव्हे. उद्घाटनाला आपण याल, याची खात्री आहे. विशबोन वाकल्यावर याल का, तेवढं कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गेटबाहेरचा एक शुभचिंतक

ता. क. – मेलमधली पहिली पंधरा पानं वाचली नाहीत तरी चालेल. सोळाव्यावर मोडलेल्या भागाचं ड्रॉइंग जोडायला पोरांना सांगतो. मापं मिलिमीटरमध्ये, टॉलरन्ससकट.