हजार वर्षांचं बिल

नाशिकच्या एम. जी. रोडवर हल्ली अमरत्व किरकोळीत मिळतं. मोबाइलची कव्हरं आणि चार्जर यांच्या गर्दीतच ते मांडलेलं असतं; नखाएवढं मेमरी कार्ड, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा पेनड्राइव्ह, खिशात मावणारी हार्ड डिस्क. घरचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ कायमचे ठेवायचेत, असं म्हटलं की काउंटरमागचा मुलगा नम्रपणे विचारतो, ‘‘काका, किती जीबी?’’ कायमचं म्हणजे किती जीबी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. हार्ड डिस्क वॉरंटीच्या मुदतीत बंद पडली तर कंपनी नवी कोरी देते. कोरी, हे लक्षात घ्यायचं. आत्याचं डोहाळजेवण त्या नव्या डिस्कवर नसतं. पेनड्राइव्ह नुसता कपाटात ठेवून चालत नाही, आतला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. आणि एक तबकडी अशी निघाली आहे की तिच्या कठीण, खनिजासारख्या थरात लेसरने खाचा पाडतात; ती हजार वर्षं टिकेल असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. ती घालायला नव्या लॅपटॉपमध्ये फट उरलेली नाही, हा तपशील वेगळा. मला तिचं बिल फार आवडलं. ते थर्मल कागदावर छापलेलं होतं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत पांढरंफटक होणार. हजार वर्षांची तक्रार कशाच्या जोरावर करायची?

हा सगळा खटाटोप माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटींसाठी. त्यांना पावसाळ्यात बुरशी धरते, आणि त्या लावायचं यंत्र बनवणाऱ्या जपानमधल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ साली हात टेकले. एका ओळखीच्या फोटोग्राफरकडे अजून चालू स्थितीतलं यंत्र आहे, म्हणून आमच्या घरचं एक जुनं लग्न पुन्हा बघायला मिळालं. पडद्यावर बुरशीचे पांढरे ठिपके अक्षतांसारखे पडत होते, तेही मंगलाष्टकं संपल्यावर. मिक्सिंगवाल्याने वधूवरांना बदामात घालून स्वित्झर्लंडच्या बर्फावरून उडवलं होतं. त्या काळी नाशिकरोडच्या पलीकडे न गेलेलं ते जोडपं आल्प्सवरून तरंगताना जरा धास्तावलेलं दिसतं. मग आजी आली. आजीचा आयुष्यभराचा कॅमेऱ्याशी परिचय स्टुडिओतल्या फोटोपुरता, त्यामुळे दिवा अंगावर पडताच ती हात गुडघ्यांवर ठेवून, श्वाससुद्धा आवरून, ताठ बसली. व्हिडिओत हलायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शूटिंगवाल्याने भाबडेपणाने तिच्यावर बराच वेळ कॅमेरा रोखून धरलाय, आणि त्या सगळ्या वेळात पंख्याच्या वाऱ्याने तिचा पदर तेवढा हलतो. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत. हा पदर फक्त इथे आहे.

नाशिककरांना हे दुखणं नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि लगोलग आपला कारखाना नाशिकला हलवला. त्या चित्रपटातला रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी, गोष्ट सुरू होण्याआधी तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव बापाने हौसेने दाखवलेत. नीट पाहिलं तर हा घरचाच व्हिडिओ, पाहुण्यांना बसवून दाखवतात तसला, फक्त तिकीट लावून. पण तो होता नायट्रेट फिल्मवर. ही फिल्म जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, म्हणून एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. आणि त्या काळातली जी रिळं आगीतून सुटली, त्यांतली कितीतरी चांदी काढून घेण्यासाठी धुतली गेली. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलं. सत्त्वपरीक्षेची बरीचशी लांबी मधल्या रिळांबरोबर गेली, त्यामुळे बिचाऱ्या हरिश्चंद्राच्या वाट्याला आता हाल कमी येतात. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वाचला. शंभर वर्षांमागची ती नाशिकची मुलगी अजून डोळे मोठे करून आपल्याकडे बघते.

टिकण्याच्या बाबतीत पहिला नंबर अर्थात पांडवलेण्यांचा. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरून ठेवलंय की, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले आहेत, दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. आणि हे सगळं निगमसभेत ऐकवून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलंय, असंही पुढे लिहिलंय. म्हणजे जावईबापूंनी बॅकअप घेतला होता! दप्तरातली प्रत कधीच गेली, कातळावरची राहिली. एवढी चोख व्यवस्था करून व्हायचं ते झालंच. मधल्या शतकांत ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडेपर्यंत अक्षरं ढळढळीत डोळ्यांसमोर होती आणि देणगीदार कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी मग ओळखीच्या पाच भावांच्या नावावर सगळा डोंगर करून टाकला. आमच्या अल्बमातही हाच न्याय चालतो. फेटा आणि मिशी असलेला जो कोणी ओळखू येत नाही, तो ‘धुळ्याचे काका’. धुळ्याला आमचे इतके काका कधी नव्हते.

कातळाला जे जमलं नाही, ते रामकुंडावर कापडी बासनातल्या वह्या निमूटपणे करत आल्या आहेत. तीर्थोपाध्याय आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, आणि लांबट वहीची पानं उलटत उलटत आपल्याच घरात येऊन थांबतात. आमच्या पणजोबांचा फोटो कुठेही नाही. त्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलेल्या चार ओळी आहेत. कुणाचे दिवस करायला आले, बरोबर कोण होतं, मुलांची नावं. कागद साधा, शाई साधी, आणि शेजारी गोदावरी, जिचा पूर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागला की छातीला, यावर साऱ्या गावाचं लक्ष असतं. शास्त्राच्या हिशेबाने ही वही केव्हाच वाहून जायला हवी. ती आहे, कारण पाणी चढलं की तिला उचलून वर नेणारा माणूस आहे, जीर्ण झालं की मजकूर उतरवून काढणारा आहे, मोडी वाचून दाखवणारा आहे. त्याच्या वडिलांनीही हेच केलं. शिवाय दर पिढीत कोणीतरी येऊन खाली नवी नावं लिहितं. काउंटरवरच्या कुठल्याही डब्यावर ही सोय छापलेली नव्हती.

तेव्हा माझा निकाल असा आहे. साध्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक घरी आणि एक परगावच्या बहिणीकडे, आणि काही वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं काम घरातल्या एका तरुण माणसाच्या नावावर लावून द्यावं. क्लाउडवर ठेवलंत तर पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. आणि अल्बम घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसापुढे मांडून एकेका चेहऱ्याचं नाव, गाव, साल विचारून घ्या. हे या दिवाळीतच करा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं, आणि चकचकीत कागदावर पेन्सिल धरत नाही. तिथे नाव पाकिटावर लिहून फोटो त्यात घालावा.