वेताळ विणावा कसा?

पहिली अट अशी की साधक अकोल्याचा असावा. हे मार्गदर्शन महाबळेश्वर किंवा मनालीच्या लोकांसाठी नाही. तिथं लोकरीचं पांघरूण विणण्यात कसला आलाय पराक्रम? जिथं मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारी बारा ते पाच माणूस कूलरसमोरून हलत नाही, तिथं मांडीवर दोन किलो लोकर घेऊन बसलं तर त्याला साधना म्हणतात.

दुसरी अट कथामालेची. आवडत्या अद्भुत कथामालेतलं एक चित्र क्रोशानं पांघरुणावर विणायचं, असं नुसतं बोलून दाखवलं तरी घरातल्या प्रत्येकाची आवड जागी होते. भाच्याला ड्रॅगन हवा होता. ड्रॅगनच्या अंगावर खवले असतात आणि प्रत्येक खवल्याला दोन छटा. त्याला ‘तुझ्या रुखवतात ठेवू’ म्हणून वाटेला लावलं. भाचीला हॅरी पॉटर हवा होता, पण त्याचा चष्मा गोल. क्रोशाच्या चौकडीत गोल आकार येत नाही, पायऱ्या येतात. तो पोरगा दोन बारवांतून डोकावतोय असं दिसलं असतं. नवऱ्यानं दूरदर्शनवरच्या १९९४च्या ‘चंद्रकांता’तला क्रूरसिंग सुचवला, त्याच्या भुवयांनाच काळ्या लोकरीचा एक गुंडा लागला असता. सासरे म्हणाले, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ घे. त्यातलं चित्र कुठलं, असं विचारलं तर म्हणाले, “चित्र कायले पाह्यजे? आम्ही सारं मनातच पाह्यलं.” मनातलं मोजून विणता येत नाही.

मी वेताळ घेतला. माझ्या पिढीला अद्भुत म्हणजे काय ते ‘चांदोबा’नं शिकवलं. मद्रासला जुलै १९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमधून सुरू झालेलं हे मासिक १९५२पासून मराठीत येऊ लागलं, आणि त्यातलं विक्रम-वेताळाचं चित्र माहीत नाही असा माणूस आमच्या वयात सापडायचा नाही. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. चित्रकार के. सी. शिवशंकरन, सही नुसती ‘शंकर’. ते २०२०मध्ये गेले आणि पद्मश्री त्यांना नंतर जाहीर झाली. मूळ गोष्टी पंचवीसच, पण वाचक ऐकेनात म्हणून ‘चांदोबा’वाल्यांनी नव्या रचल्या, कितीतरी वर्षं रचतच गेले, आणि राजा बिचारा तेच ओझं घेऊन चालत राहिला. चित्र निवडताना मला हा इशारा कळायला हवा होता.

निवडीला आणखी एक कारण आहे. विक्रम म्हटलं की सगळ्यांना उज्जैन आठवतं. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागरा’त ही गोष्ट सांगितली, तिच्यातला राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. त्या गावच्या विणकरांनी पदरावर मोर विणले, पोपट विणले, कमळं विणली, पण स्वतःच्या राजाला कोणी विणलं नाही. ते काम अकोल्यावर आलं.

आता साहित्य. एक क्रोशाची सुई, चार मिलिमीटरची. आलेखाचा कागद. कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे, एक डझन. आणि लोकर, एकेरी पलंगासाठी दीड ते दोन किलो. लोकर एकदमच घ्यावी. कागदी पट्ट्यावर रंगाचा नंबर असतो आणि लॉटचाही असतो. रंग तोच पण लॉट वेगळा असला तर राजा कमरेपर्यंत एका जातीचा आणि कमरेखाली दुसऱ्या जातीचा होतो. दुकानदार ‘एकच आहे ताई’ म्हणेल. ट्यूबलाइटखाली एकच असतं. दोन्ही गुंडे दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावेत. अकोल्यात उन्हाची वाण नाही.

इथं एक शरमेची गोष्ट सांगून टाकते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक भागवायला वऱ्हाडचाही कापूस गेला. आमच्या गावात कृषी विद्यापीठ आहे, तेही कापूस उगवणाऱ्या मातीत. आणि त्याच मातीवर बसून आम्ही लोकर म्हणून ॲक्रिलिक विणतो, जे मेंढीनंही पाहिलेलं नाही आणि पऱ्हाटीनंही. सुती दोऱ्याचा विचार मी केला होता. पण सुती पांघरूण इतकं जड होतं की ओलं झाल्यावर ते पिळायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरी दुसरं माणूस धुण्याच्या वेळी नेमकं बँकेत असतं.

मग आलेख. भाच्यानं चित्राचा फोटो मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला खाऊ घातला आणि ॲपनं सत्तेचाळीस रंग सांगितले. त्यातले एकोणीस काळे होते. मी सहावर आणले: काळा, करडा, पांढरा, लाल, पिवळा आणि एक हिरवट, प्रेताला शोभेल असा. काळा निवडताना सावध राहा. काळ्या लोकरीतले टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात. मला वाटलं होतं, पार्श्वभूमी रात्रीची आहे तर काम सोपं. काळोख विणायलाच सगळ्यांत जास्त उजेड लागतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, वीज गेली तेव्हा.

आता हिशेब. तो बसून करावा, उभ्यानं करू नये. चित्रासाठी मुका खांब घालायचा, आलेखाच्या एका चौकोनाला एक. माझ्या हातानं इंचात चार खांब बसतात. पाच फूट रुंदी म्हणजे २४० खांब, साडेसात फूट लांबी म्हणजे ३६० ओळी. गुणाकार ८६,४००. एका दिवसात सेकंदही नेमके एवढेच असतात, त्यामुळे मी काही क्षण अगदी हलकी झाले. सेकंदाला एक खांब घातला तर उद्या याच वेळी पांघरूण तयार! प्रत्यक्षात एका खांबाला तीन सेकंद लागतात. म्हणजे बहात्तर तास. रोज दोन तास बसलं तर छत्तीस दिवस. ह्यात उसवणं धरलेलं नाही. ते पुढे येईलच.

(दुसऱ्यांचं पाहून धीर येतो म्हणून सांगते. तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत मांडलं गेलं, ११,१४८.५ चौरस मीटरचं. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटानं तुकडे तुकडे विणून जोडलं आणि गिनीज बुकात नोंद करवली. ‘चांदोबा’ही त्याच गावचा. न संपणाऱ्या कामांचं त्या गावाला काही खास प्रेम असावं.)

विणण्याआधी चार इंचाचा नमुना करून तो पट्टीनं मोजावा. मी केला नाही. मुका खांब बहुधा उंचीला रुंदीपेक्षा किंचित कमी भरतो, आणि कागदावर ताठ चालणारा राजा पांघरुणात ठेंगणा नि रुंद उतरतो. माझा राजा कमरेपर्यंत आला तेव्हा शेगावहून चालत निघालेल्या एखाद्या सुखवस्तू व्यापाऱ्यासारखा दिसत होता. आलेखाला पंधरा-वीस ओळी जास्त दिल्या असत्या तर त्याचं राजेपण टिकलं असतं.

आलेख वाचायची रीत वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, मग काम फिरवून दुसरी डावीकडून उजवीकडे. डवऱ्याचे बैल तासाच्या टोकाला वळतात, तसंच. शेतात हे कधीच चुकत नाही, कारण बैल शहाणे असतात. रंग बदलताना मात्र एक खुबी आहे: आधीच्या खांबाचे शेवटचे दोन वेढे सुईवर असतानाच त्यांतून नवा रंग ओढून काढायचा. हे विसरलात तर प्रत्येक कडेला आधीच्या रंगाचा ठिपका राहतो आणि तलवारीला मुंग्या लागल्यासारख्या दिसतात. जिथं रंग मोठ्या पट्ट्यात येतो तिथं प्रत्येक पट्ट्याची लोकर वेगळ्या चिमट्यावर गुंडाळून मागे लोंबती सोडायची. डझनभर चिमटे लोंबायला लागले की मांजर येतं. आपलं नसलं तर शेजारचं येतं.

आणि आता मुख्य विधी, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. वेताळाची अट सगळ्यांना पाठ आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मौन मोडेल नि मी परत झाडावर. ही अट कुणा तांत्रिकानं घातली असं लोक मानतात. माझी खात्री आहे की ती एखाद्या विणणाऱ्या बाईनं घातली. २४० खांब मोजायचे म्हणजे बारा मिनिटं तोंडात नुसता आकडा धरायचा. एकशे सतरा. एकशे अठरा. आणि मग स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, “सांभार कुठं ठेवला व?” उत्तर माहीत असतं. दिलं नाही तर घराच्या डोक्याची शकलं होतात. ‘फ्रीजच्या खालच्या कप्प्यात’ म्हटलं की आकडा गेला, वेताळ झाडावर.

कुकर हा ह्या विधीचा खरा शत्रू. त्याच्या शिट्ट्या मोजायच्या असतात आणि खांबही मोजायचे असतात. पहिल्या महिन्यात मी डाळीला शंभरच्या पुढे शिट्ट्या मोजल्या आणि राजाच्या कोपराला तीन खांब घातले. गॅसवाला येतो, कुरिअरवाला येतो, पत्ता चुकलेला माणूस येतो आणि जाताना पाणी मागतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वराला आल्या. खिडकीखाली ढोल-ताशे, ‘हर्र बोला महादेव’चा घोष. मी डोळे मिटून मोजत राहिले. नंतर पाहिलं तर त्या पूर्ण ओळीत लाल-पांढरं-लाल-पांढरं, ढोलाच्या ठेक्यावर! ती ओळ मी उसवली नाही. वेताळाच्या गुडघ्यावर आहे, पाहायला मिळेल.

बाकी सगळं मात्र उसवलं. क्रोशाचं उसवणं फार सुखाचं असतं. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात, एक सुटला की घाम फुटतो. क्रोशात जिवंत वेढा एकच. सुई काढा, दोरा ओढा, आणि तीन दिवसांची मेहनत टर्रर्र करत अर्ध्या मिनिटात मांडीवर शेवयांसारखी पडते. मला तर शेवटी शेवटी त्या आवाजाची गोडी लागली होती. सुई तर हातातच. वेताळ झाडावर गेला काय नि आला काय!

आलेगेले लोक हा वेगळा विषय आहे. पूर्वी क्रोशाच्या वस्तूला घरात मान होता. रुखवतात तोरण, ताटावर रुमाल, टीव्हीवर झालर. टीव्ही सपाट झाले आणि झालर ठेवायला डोकंच राहिलं नाही. आता पाहुणे हातातलं काम पाहतात, पहिल्यांदा उलटं करतात आणि मागची शेपटं मोजतात. शेपटं लपवायची असतात, दाभणानं, एकेक, त्याच रंगाच्या खांबांतून. माझी तीनशेच्या वर भरली. हा भाग मी लवकर उरकते, कारण तो मी लवकर उरकला नव्हता.

शेजारच्या काकूंनी दहा महिन्यांत मला जितके प्रश्न विचारले तितके वेताळानं राजाला विचारले नसतील. “हे काय काढून राहिली?” – वेताळ. ओळ गेली. “घरात भूत कायले आनतं व?” – भूत नाही, गोष्ट आहे. ओळ गेली. “त्या मानसानं त्याले खाली काहून नाई टाकलं?” ह्याचं उत्तर द्यायला मला पाऊण तास लागला आणि त्यात राजाचा उजवा पाय गेला. पंचविशीतल्या शेवटच्या कोड्यात बाप एका मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा तिच्या आईशी, आणि वेताळ विचारतो, यांना झालेली पोरं एकमेकांची कोण? राजाला सुचत नाही, तो गप्प राहतो आणि तिथंच सुटतो. काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत नातं लावून दिलं. ते मी लिहून ठेवायला हवं होतं.

नवतपा लागला तेव्हा माझी तीनशेसाठावी ओळ चालू होती. लोकर घामानं बोटांना चिकटत होती, म्हणून मी कूलरच्या पुढ्यात सरकले. कूलरच्या तुषारांनी ती ओली झाली, म्हणून मागे सरकले. दुपारी दोनला काकू डोक्याला ओला पंचा बांधून आल्या. त्यांच्या घरचा कूलर बंद पडला होता. माझ्या मांडीवरच्या, खाटेवरून जमिनीवर उतरलेल्या साडेसात फुटांकडे पाहून म्हणाल्या, “पन बाई, ह्या गर्मीत हे पांघरनार कोन?”

एकशे नव्वद. मला खरंच उत्तर सुचलं नाही. एकशे एक्क्याण्णव. काकू वाट पाहत खाटेवर आडव्या झाल्या. दोनशे दहा. त्यांना डोळा लागला. दोनशे अठ्ठावीसला आले तेव्हा कूलरचा गारठा लागला असावा. काकूंनी कूस बदलली आणि झोपेतच पांघरूण ओढून घेतलं, पार गळ्यापर्यंत. वेताळ बरोबर त्यांच्या खांद्यावर आला. सुईही पांघरुणाबरोबर तिकडे गेली.

बारा खांब राहिले होते. पण त्यांना हाक कशी मारणार? बोलायचं नव्हतं.