उनकेश्वर : ऊन पाण्याची यातायात

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात, उनकेश्वर येथे गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. नावातले ‘उन’ म्हणजे ऊन पाण्यातलेच ऊन. खानदेशातले उनपदेव आणि कोकणातले उन्हवरे ही त्याची भावंडे. गरम पाणी सापडल्यावर नाव शोधण्यात कुणी फार डोके शिणवलेले दिसत नाही.

येथे येणाऱ्यांत समजायला सर्वांत अवघड प्राणी म्हणजे ऊर्जानगरकर. ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. तेथे बॉयलरमधून निघणारी वाफ सुमारे 540 अंश सेल्सिअसची असते आणि उनकेश्वरचे पाणी जेमतेम चाळिशीच्या घरातले. शिवाय बॉयलरच्या नळ्यांत क्षार साचू नयेत म्हणून केंद्रातला डीएम प्लांट पाण्यातले खनिज अन् खनिज आधी काढून टाकतो. आठवडाभर पाण्यातून खनिजे हाकलणारा माणूस सुटीच्या दिवशी त्याच खनिजांत गळ्यापर्यंत बसायला पदरचे पेट्रोल जाळतो.

रस्ता राजुरा, गडचांदूर, कोरपना असा आदिलाबादला जातो. म्हणजे महाराष्ट्रातल्या झऱ्यासाठी आधी तेलंगणात शिरावे लागते. गडचांदूरपर्यंत सिमेंटचे ट्रक पुढे, धूळ मागे. किनवटच्या बाजूला सागाचे जंगल आणि उघडी माळराने आलटून पालटून लागतात. उन्हाळ्यात सागाला पान नसते, त्यामुळे जंगल आणि माळ यांतला फरक सावलीवरून सांगता येत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि डब्यात भाकर-चटणी एवढी सामग्री पुरते.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. आकड्यांवर विश्वास ठेवला तर त्या दिवसांत हा गरम पाण्याचा झरा हवेपेक्षा थंड ठरतो. पाण्यात पाय घालणाऱ्याला मात्र हे पटत नाही, आणि बरोबर त्याचेच असते. कोरड्या हवेत घाम उडून अंग निवते. पाण्याखाली घाम उडायला जागाच नाही. त्यामुळे थर्मामीटर काहीही म्हणो, पाच मिनिटांत माणूस शिजल्यासारखा लाल होऊन काठावर येतो.

पाणी तापते कसे, याचे उत्तर प्रत्येक गाडीत एखादा जाणता ‘खाली ज्वालामुखी आहे’ असे देतो. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; तो केव्हाच थंड झाला. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापते, वाटेत क्षार विरघळवते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोळसा नाही, राख नाही, चिमणी नाही.

लोककथेत कारण याहून सुटसुटीत आहे. शरभंग ऋषींच्या व्याधीवर उपाय म्हणून रामाने जमिनीत बाण मारला आणि ऊन पाणी उसळले. ‘रामबाण उपाय’ हा शब्द एवढ्या शब्दशः क्वचितच लागू पडत असेल. अडचण इतकीच की उनपदेवकरही हेच ऋषी आणि हाच बाण सांगतात. त्वचेच्या विकारांसाठी लोक श्रद्धेने येथे स्नान करतात. पिण्याच्या बाबतीत श्रद्धा आवरावी, कारण किनवट-पांढरकवडा पट्ट्यातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते आणि ते दात व हाडे धरते.

गंधकाचा वास अंड्याच्या जवळचा. शाकाहारी मंडळी तो काडेपेटीचा आहे असे सांगून सुटका करून घेतात. खरी नोंद चांदीवर होते. गंधकाच्या पाण्यात चांदी काळवंडते, म्हणून अनुभवी बाया जोडवी आणि पैंजण पदराच्या टोकाला बांधूनच पायरी उतरतात. नवख्या बाईची जोडवी हळूहळू तपकिरी होत जातात आणि मग परतीच्या प्रवासात सोनाराची चांदी खरी की खोटी, यावर आदिलाबादपर्यंत चर्चा चालते.

घरी पोचल्यावर अंगाचा वास जावा म्हणून साबण लावून दुसरी अंघोळ होते. त्यासाठी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडतात. मे महिना असेल तर ते पाणीही हात भाजेल इतके गरम असते, आणि एक बादली तासभर निवत ठेवावी लागते.